मराठी आवाजी आज्ञांचे ग्रामर: कंपाईल अडकते, आणि टीव्हीचा आवाजही 'आज्ञा' ठरतो

मिनमिन_माईक (प्रश्न)

इंटरनेटशिवाय चालणाऱ्या छोट्या बोर्डवर मराठी आज्ञा ओळखायच्या आहेत. दिवे, पंखा, टायमर आणि गजर, एवढाच आवाका. अकूस्टिक मॉडेल (आवाजातून ध्वनी ओळखणारे) कॅल्डी या वाणी-ओळख संचाचे, चेन नावाच्या प्रकारचे, १६ किलोहर्ट्झचे. उच्चारकोशात सुमारे १८० शब्द आहेत. मोठे भाषामॉडेल ठेवायला जागा नाही, म्हणून ग्रामर (कोणती वाक्ये चालतील याचे नियम) हाताने जेएसजीएफ या नियम-लिपीत लिहिले आणि एका स्क्रिप्टने त्याचा एफएसटी (अवस्था आणि कमानींचा ग्राफ) केला. महत्त्वाचा भाग असा:

<आज्ञा> = <विनंती>* ( <दिवा> | <पंखा> | <टायमर> | <गजर> );
<विनंती> = [ जरा ] [ प्लीज ];
<दिवा> = दिवा ( लाव | बंद कर | मंद कर ) | दिवा <संख्या> कर;
<पंखा> = पंखा ( लाव | बंद कर ) | पंखा <संख्या> कर;
<टायमर> = टायमर <संख्या> [ सेकंद | मिनिटं ];
<गजर> = <वेळ> चा गजर लाव;
<संख्या> = <लहान> | <संख्या> शे <संख्या>;

(<लहान> म्हणजे एक ते नव्व्याण्णव, ओळीने लिहिलेले.)

अडचणी:

एक, हेच ग्रामर पॉकेटस्फिंक्स या दुसऱ्या ओळख-इंजिनाला दिले तर फक्त उजवे पुनरावर्तन (नियमाने शेवटी स्वतःला बोलावणे) चालेल असे म्हणून ते नाकारतो. कॅल्डीत जी (ग्रामरचा एफएसटी) तयार होतो, पण एलशी (उच्चारकोशाचा एफएसटी) जोडून डिटरमिनाइझ करताना (प्रत्येक चिन्हाला एकच वाट ठेवताना) मेमरी भरत जाते. कधी एप्सिलॉन (शब्दाविना जाणारी कमान) क्लोजरमध्ये फार वेळा फिरल्याचे सांगून प्रोग्राम मरतो.

दोन, एकदा विनंती आणि संख्या काढून टाकून ग्राफ बनवला. तो चालला, पण टीव्ही सुरू असला की 'दिवा बंद कर' निघते, तेही ०.९ च्या वर कॉन्फिडन्सने (खात्रीच्या गुणाने).

तीन, बंद आणि मंद यांची सतत अदलाबदल.

चार, फक्त संख्यांचे वेगळे ग्रामर करून पाहिले. 'दोनशे पंचवीस' म्हणताना मध्ये किंचित थांबले की २०० वरच वाक्य तुटते.

ग्रामर चुकले आहे की मॉडेल?

---

जालबिंदू

मॉडेलला अजून दोष देऊ नका. पहिल्या अडचणीत तीन वेगळ्या चुका एकमेकींत अडकल्या आहेत, त्या सोडवून घेऊ.

पॉकेटस्फिंक्सची तक्रार रास्त आहे. <संख्या> च्या व्याख्येत पहिलाच शब्द <संख्या> आहे. नियम उलगडणारा प्रोग्राम एकही शब्द न खाता स्वतःलाच बोलावत बसतो. शेपटीला येणारे पुनरावर्तन म्हणजे मागे जाणारी एक कमान, ते मर्यादित अवस्थांत बसते. डोक्याला येणारे असे डावीकडून उलगडणाऱ्या प्रोग्रामला पेलत नाही. मुळात इथे पुनरावर्तनाची गरजच नाही. तुमचा नियम 'पाच शे सात शे नऊ शे दोन' यालाही संख्या म्हणतो. मराठीत एक ते नऊशे नव्व्याण्णव असे सपाट लिहिता येते:

<शेकडा> = एकशे | दोनशे | तीनशे | चारशे | पाचशे | सहाशे | सातशे | आठशे | नऊशे;
<मोठे_शेकडे> = दोनशे | तीनशे | चारशे | पाचशे | सहाशे | सातशे | आठशे | नऊशे;
<संख्या> = <लहान> | शंभर | <मोठे_शेकडे> | <शेकडा> <लहान>;

मोजून पाहा: ९९ + १ + ८ + (९ × ९९) = ९९९. प्रत्येक संख्येला नेमकी एक वाट. हा हिशेब जुळला नाही तर कुठेतरी जास्तीची किंवा राहिलेली वाट आहे असे समजायचे. 'एकशे' एकटे येत नाही आणि 'शंभर' च्या पुढे काही येत नाही, म्हणून ते वेगळे काढले.

आता एप्सिलॉन. <विनंती> मधले दोन्ही शब्द ऐच्छिक आहेत, म्हणजे अख्खा नियम रिकामा असू शकतो. त्यावर तुम्ही तारा (*) लावली, म्हणजे 'रिकामे, कितीही वेळा'. जीमध्ये हे शून्य किमतीचे, शब्दाविना फिरणारे वर्तुळ होते. कॅल्डीचा एफएसटीडिटरमिनाइझस्टार एप्सिलॉन काढणे आणि डिटरमिनाइझ करणे एकत्र करतो, आणि ग्राफ बनवताना तो लॉग सेमिरिंगमध्ये (वाटांच्या किमती एकत्र करायच्या एका पद्धतीत) चालवतात. तिथे वाटांच्या संभाव्यतांची बेरीज होते. शून्य किमतीच्या वर्तुळात १ + १ + १ अशी ती बेरीज कधी संपतच नाही. तुमचा क्लोजरचा संदेश तिथूनच येतो. ट्रॉपिकल सेमिरिंगमध्ये फक्त सर्वांत स्वस्त वाट ठेवली जाते, त्यामुळे तेच वर्तुळ तिथे निरुपद्रवी असते. म्हणून जी एलशी जोडण्याआधीच एकटा साफ करून घ्या. क्रम असा: एफएसटीकंपाईल, एफएसटीआरएमएप्सिलॉन, एफएसटीडिटरमिनाइझ, एफएसटीमिनिमाइझ, आणि शेवटी इनपुट लेबलांवर एफएसटीआर्कसॉर्ट. शेवटची पायरी गाळली तर कंपोझ करताना (दोन एफएसटी जोडताना) 'आर्क क्रमाने लावलेले नाहीत' अशी तक्रार येते.

बिनवजनी जी स्वीकारयंत्र असेल तर त्याचे डिटरमिनाइझेशन नेहमी संपते. एवढ्या आकाराला तर क्षणात. इथवर ठीक आणि जोडलेल्या एलजीवर मेमरी फुगत असेल तर दोष जीत नाही, जोडणीत आहे.

तो बहुतेक तिसरा प्रकार. तुम्ही साधा एल वापरताय का? ग्राफसाठी डिसअँबिग चिन्हे (सारखे उच्चार वेगळे ठेवणाऱ्या खुणा) असलेला एल लागतो. 'सात' चे उच्चार 'सातशे' च्या सुरुवातीला जसेच्या तसे येतात. 'दिन' आणि 'दीन' सारखे शब्द तर बोलताना एकच. अशा शब्दांच्या उच्चारांना शेवटी #१, #२ अशी शेपूट लावली नाही तर एकाच ध्वनिमाळेला दोन शब्दमाळा मिळतात आणि ट्रान्सड्यूसर 'फंक्शनल' राहत नाही. मग डिटरमिनाइझेशनला शेवटच नाही. प्रिपेअर-लँग स्क्रिप्ट ही चिन्हे आपोआप घालते, पण हाताने एल बनवणारे हमखास इथेच अडतात. जीत एप्सिलॉन ठेवायचाच असेल तर इनपुट बाजूला #० लिहा.

चेन मॉडेल आहे म्हणून आणखी एक. ग्राफ बनवताना सेल्फ-लूप-स्केल १.० ठेवा आणि डीकोड करताना अकूस्टिक स्केलही १.०. जुन्या मॉडेलांसाठीचे ०.१ तसेच राहिले तर ग्राफ बिनतक्रार बनतो आणि निकाल मात्र विचित्र येतात. चूक पकडायला सर्वांत चिवट हीच, कारण कुठलाच प्रोग्राम ओरडत नाही.

---

शब्दसीमा

कंपाईलचे वर आले आहे, मी रचनेवर बोलतो.

बंद आणि मंद यांत फरक एकाच व्यंजनाचा. ब आणि म दोन्ही ओठांवरचे, एकात हवा नाकातून जाते एवढेच. त्यात पुढे दोन्हींना तोच अनुनासिक गट आणि तेच 'कर'. माईक दोन मीटरवर असेल तर हा फरक माणसालाही चकवतो, आणि मॉडेल कितीही शिकवले तरी ही जोडी तुम्हाला छळणार. उपाय ग्रामरमध्ये आहे: 'मंद' काढा, 'दिवा कमी कर' ठेवा. आज्ञांची यादी पक्की करण्यापूर्वी एकाच जागी येणारे सगळे शब्द जोडीजोडीने उच्चारकोशात ताडून बघावेत. एका ध्वनीचा फरक असेल तर एक शब्द बदलायचा, दोन ध्वनींचा असेल तर चाचणीत लक्ष ठेवायचे. वेगवेगळ्या जागी येणारे शब्द सारखे वाटले तरी बिघडत नाही. तिथे ग्रामरच त्यांना वेगळे ठेवते.

संख्यांत हा त्रास जास्त, कारण मराठीत नव्व्याण्णवपर्यंतचे शब्द जोडून बनत नाहीत, सगळे पाठच करावे लागतात. सात आणि साठ, एकवीस आणि एकतीस, तेवीस आणि तेहेतीस, त्रेसष्ट आणि त्र्याहत्तर. म्हणून 'एक <संख्या> नियम, सगळीकडे वापरा' हा मोह टाळा. पंख्याला पाच वेग असतील तर तिथे एक ते पाच एवढेच लिहा. दिव्याची टक्केवारी दहाच्या पटीत पुरते: दहा, वीस, तीस, शंभरपर्यंत दहा शब्द. साठ तिथे आहे आणि सात नाही, भांडण मिटले. पूर्ण ९९९ फक्त टायमरला द्या, तेही सेकंदांसाठीच. मिनिटांना नव्व्याण्णवपर्यंत पुरे.

आकाराच्या दृष्टीनेही हे बरे पडते. पॉकेटस्फिंक्स प्रत्येक संदर्भाच्या जागी नियम नव्याने उलगडतो. तीन ठिकाणी <संख्या> म्हणजे ग्राफमध्ये तिच्या तीन प्रती. ( टायमर | मोजणी ) <संख्या> असे सामाईक शेपूट बाहेर काढले तर प्रत एकच राहते. अर्थात मग दोन्ही जागांना एकच मर्यादा लागू होते. मला विचाराल तर प्रती वाढू द्या पण मर्यादा घट्ट ठेवा. बोर्डाला काही हजार अवस्था जड नाहीत.

आता <गजर>. 'सात चा गजर' यात 'चा' वेगळा शब्द केला आहे. बोलताना तो तुटत नाही. कॅल्डीच्या नेहमीच्या मांडणीत ध्वनींना शब्दातल्या जागेनुसार वेगळी रूपे असतात: सुरुवातीचा, मधला, शेवटचा. शिवाय प्रत्येक शब्दानंतर ऐच्छिक शांतता येते. प्रत्यय सुटा केला की 'सात' चा शेवटचा त शब्दान्ताचा ठरतो आणि 'च' शब्दारंभाचा, प्रत्यक्षात ते दोन्ही मधले असतात. एक तर 'सातचा', 'आठचा' असे अख्खे शब्द कोशात घाला, नाहीतर सरळ 'सात वाजता गजर लाव' असा साचा घ्या. दुसरा बरा. विभक्तीमुळे शब्दाचे अंगच बदलते तिथे (दिवा, दिव्याला, दिव्याचा) प्रत्येक रूप वेगळा शब्द म्हणूनच लिहावे लागते. पर्याय नाही.

वेळेच्या नियमात तुम्ही काय घातलेय ते दिसत नाही, पण 'साडे' आणि एक ते बारा अशी सरसकट जोडणी असेल तर ती चूक आहे. साडेएक, साडेदोन कोणी म्हणत नाही, पण ग्रामरमध्ये वाट असली की डीकोडर कधीतरी त्यावर चालणार. पाव तासाच्या टप्प्याने बारा तासांत ४८ वेळा होतात आणि त्या अशा बसतात: पूर्ण तास १२. सव्वा एकटा (१:१५) आणि सव्वा दोन ते सव्वा बारा, म्हणजे १२. दीड, अडीच आणि साडेतीन ते साडेबारा, म्हणजे १२. पाऊण (१२:४५) आणि पावणेदोन ते पावणेबारा, म्हणजे १२.

<वेळ> = ( <तास> | सव्वा [ <दोन_ते_बारा> ] | दीड | अडीच | साडे <तीन_ते_बारा> | पाऊण | पावणे <दोन_ते_बारा> ) [ वाजता ];

काही जण 'सव्वाएक' ही म्हणतात. हवे तर घाला, मग एकाच वेळेला दोन वाटा होतील हे ध्यानात ठेवा. ग्रामरमध्ये 'साडे' आणि 'तीन' वेगळे ठेवलेत तर शब्दसंख्या कमी राहते. इथे सुटे करण्याने प्रत्ययाइतके नुकसान होत नाही, कारण दोन्ही शब्द स्वतंत्रपणे पूर्ण उच्चारले जातात.

पुढेमागे 'दीडशे सेकंद', 'अडीचशे' हेही येईल. सव्वाशे १२५, दीडशे १५०, पावणेदोनशे १७५, अडीचशे २५०, साडेतीनशे ३५०. हे <संख्या> च्या हिशेबात १५० ची दुसरी वाट तयार करतात (एकशे पन्नास आणि दीडशे), तेव्हा ते मुद्दाम वेगळ्या नियमात ठेवा.

---

मिनमिन_माईक

साधाच एल वापरत होतो. डिसअँबिगवाला घेतला, <विनंती> वरची तारा काढली, ग्राफ दोन सेकंदांत झाला. टीव्ही आणि 'दोनशे' चे काय? आणि कॉन्फिडन्स ०.९ असताना मर्यादा लावायची तरी कुठे?

---

निःशब्द_फिल्टर

तो ०.९ चा आकडा फसवा आहे. कॉन्फिडन्स लॅटिसमधल्या (डीकोडरने जिवंत ठेवलेल्या पर्यायी वाक्यांच्या जाळीतल्या) वाटांच्या आपापसातल्या वाटणीतून निघतो. बंद ग्रामरमध्ये डीकोडरला विचारलेला प्रश्नच असा असतो: 'या आवाजाला या चाळीस वाक्यांपैकी कोणते जवळचे?' बातमीदाराचा आवाज 'दिवा बंद कर' शी अजिबात जुळत नसला तरी उरलेली एकोणचाळीस त्याहून वाईट जुळतात. वाटणीत पहिल्याला जवळजवळ सगळे मिळते. स्पर्धकच नाही, मग गुण कमी कसे पडणार? मर्यादा ०.९५ केलीत तरी टीव्ही आत येईल आणि घरातली हळू बोलणारी माणसे बाहेर राहतील.

म्हणून स्पर्धक ग्रामरमध्येच उभा करायचा. जीमध्ये आज्ञांना समांतर एक वाट द्या: <अनोळखी> एक किंवा अधिक वेळा. उच्चारकोशात त्याचा उच्चार एक तर प्रशिक्षणात शिकवलेला कचरा-ध्वनी असतो, किंवा त्याच्या जागी ध्वनींचे छोटे भाषामॉडेल बसवता येते. कॅल्डीत त्यासाठी मेक-अनके-एलएम नावाची स्क्रिप्ट आहे. दुसरा मार्ग बराच चांगला, कारण तो कोणत्याही बोलण्याशी खरी झुंज देतो. एकच कचरा-ध्वनी खोकला आणि दार आपटणे पकडतो, सलग बोलणे फारसे नाही. कॅल्डीवर उभे असलेले व्हॉस्क वापरणाऱ्यांनी वाक्यांच्या यादीत कंसातले 'अनके' (अनोळखी शब्दाची खूण) घालायचे असते ते याचसाठी. व्हॉस्कमध्ये अशी यादी फक्त डायनॅमिक ग्राफच्या मॉडेलांवर चालते, एकसंध एचसीएलजी (आधीच जोडून ठेवलेला पूर्ण ग्राफ) असलेली मोठी मॉडेल तिच्याकडे लक्ष देत नाहीत. ग्रामर लिहिण्याच्या एसआरजीएस या मानकात याच कामासाठी 'गार्बेज' नावाचा खास नियम आहे.

या वाटेला किंमत किती द्यायची हाच खरा गुंता. एफएसटीत किंमत म्हणजे संभाव्यतेचा ऋण नैसर्गिक लॉग: ०.५ ला ०.६९, ०.१ ला २.३०, ०.०१ ला ४.६१. किंमत शून्य ठेवली तर ध्वनिमॉडेलची वाट जवळजवळ नेहमी जिंकेल, कारण तिला कसलेही बंधन नाही. फार वाढवली तर ती असून नसल्यासारखी. अंदाजाने ठरवू नका. तीन ढीग रेकॉर्ड करा: खऱ्या आज्ञा, आज्ञा नसलेले बोलणे (त्यात 'दिवा', 'बंद' हे शब्द येणारी वाक्येही हवीत), आणि नुसता खोलीतला आवाज. मग <अनोळखी> मध्ये शिरण्याची किंमत एकेकाने वाढवत प्रत्येक वेळी दोन आकडे मोजा: खऱ्या आज्ञा किती नाकारल्या, खोट्या किती स्वीकारल्या. दोन्ही रेषा कुठे छेदतात ते दिसेल. गजर चुकून लागण्यापेक्षा दिवा दोनदा सांगावा लागणे परवडते, तेव्हा छेदबिंदूच्या थोडे कडक बाजूला थांबा. ही वाट वापरात आली की कॉन्फिडन्सच्या आकड्यालाही पहिल्यांदाच अर्थ येतो.

याउपर बोर्ड सतत ऐकत असेल तर पुढे हाक-शब्द लागतोच. तीन-चार अक्षरांचा, रोजच्या बोलण्यात न येणारा.

आता 'दोनशे' वर तुटण्याचे. हे ग्रामर आणि एंडपॉइंटर (बोलणे संपले हे ठरवणारा भाग) यांच्यातले दुखणे आहे. कॅल्डीच्या एंडपॉइंटचे मूळ नियम असे: काहीच ओळखले नसेल तर ५ सेकंद शांततेनंतर थांबा. डीकोडर अंतिम अवस्थेत असेल आणि तिथली सापेक्ष किंमत २.० च्या आत असेल तर ०.५ सेकंद पुरे. ८.० च्या आत असेल तर १ सेकंद. अंतिम अवस्था नसेल तरी २ सेकंद. आणि काहीही झाले तरी २० सेकंदांनी थांबाच.

तुमच्या ग्रामरमध्ये 'दोनशे' स्वतःच पूर्ण वाक्य आहे, म्हणून त्यानंतरची अवस्था अंतिम, फुकटात अंतिम. अर्धा सेकंद श्वास घेतला की खेळ खल्लास. 'टायमर <संख्या>' पुढचे एककही तुम्ही ऐच्छिक ठेवले आहे, म्हणजे तिथेही हेच होणार.

सोपा उपाय मराठीच्या घडणीतच आहे. आपले क्रियापद शेवटी येते. 'टायमर दोनशे पंचवीस सेकंद लाव' असा साचा ठेवून क्रियापद सक्तीचे केले की संख्येनंतरची एकही अवस्था अंतिम राहत नाही. माणूस मध्ये दीड सेकंद अडखळला तरी चालते, आणि 'लाव' म्हटल्यावर अर्ध्या सेकंदात उत्तर मिळते. एककही सक्तीचे करा. 'टायमर पाच लाव' मधले पाच काय आहेत ते नंतर कोण ठरवणार?

याची किंमत अशी की 'लाव दिवा' सारखा उलटा क्रम सोडावा लागतो, निदान संख्या असलेल्या आज्ञांत. मला तो सौदा मान्य आहे. बिनसंख्येच्या आज्ञांत उलटा क्रम खुशाल ठेवा.

क्रियापदाविना नुसती संख्या घ्यायचीच असेल (प्रश्नाला उत्तर म्हणून, समजा), तर नुसत्या शेकड्यांच्या अंतिम अवस्थेला ८ हून जास्त किंमत द्या, म्हणजे २ सेकंदांचा नियम लागू होतो. बाकी संख्या अर्ध्या सेकंदात सुटतील.

---

जुनी_कळ

वरचे सगळे बरोबर. एक पायरी कोणी सांगितली नाही, आणि माझ्या मते ती कंपाईलच्याही आधीची आहे: ग्रामरकडून वाक्ये बोलवून घ्या. एचटीके या ओळख-संचात एचपार्सने ग्रामरची जाळी बनवली की एचएसजेन त्यातून यादृच्छिक वाक्ये काढतो. ज्युलियस या इंजिनासोबत जनरेट येते. एफएसटी हाताळणाऱ्या ओपनएफएसटीत एफएसटीरँडजेन आहे. दोनशे वाक्ये काढून मोठ्याने वाचा. 'साडेदोन', 'पाचशे सातशे नऊ', 'पंखा नव्व्याण्णव कर' ही भुते पहिल्या पन्नासातच दिसली असती. लिहिताना माणूस काय ओळखले जावे याचाच विचार करतो. ग्रामर आणखी काय काय ओळखते ते असे उलटे चालवल्याशिवाय दिसत नाही.

उलट तपासणीही हवी. अपेक्षित आज्ञांची एक साधी फाईल ठेवा आणि प्रत्येक ओळ जीशी कंपोझ करा. रिकामा एफएसटी आला तर ते वाक्य ग्रामरमध्ये नाही. ग्रामर बदलले की दोन्ही तपासण्या पुन्हा. ऑडिओ लागत नाही, मिनिटभराचे काम.

पुनरावर्तनाबद्दल एक गंमत: पॉकेटस्फिंक्सला उजवे लागते, ज्युलियसला डावे. त्याचा दुसरा फेरा वाक्याच्या शेवटाकडून मागे येतो, म्हणून सगळे उलटे. ग्रामर एका इंजिनातून दुसऱ्यात नेताना हे चावते. तारा आणि अधिक चिन्हाने लिहिलेत तर रूपांतर करणारा त्याच्या दिशेने उलगडतो.

स्रोत कशात ठेवावा याबद्दल: डब्ल्यूथ्रीसीचे एसआरजीएस २००४ पासून शिफारस म्हणून आहे, एक्सएमएल आणि एबीएनएफ अशा दोन रूपांत. अर्थ काढण्यासाठीचे एसआयएसआर २००७ मध्ये आले. टेलिफोनच्या यंत्रणांसाठी किंवा विंडोजच्या सापी या वाणी-जोडणीसाठी लिहायचे असेल तर तेच घ्या. एका बोर्डासाठी ते ओझे आहे. जेएसजीएफमधले महिरपी कंसातले टॅग पॉकेटस्फिंक्सच्या निकालात येतच नाहीत, हाती फक्त शब्द पडतात. तेव्हा पायथनमध्ये एकच सारणी ठेवा: शब्द, आकडा, कोणत्या जागी चालतो. तिच्यातूनच ग्रामर छापा आणि तिच्यातूनच 'साडे + तीन = ३:३०' हा अर्थ काढा. ग्रामर एकीकडे आणि अर्थ दुसरीकडे हाताने लिहिलेत की महिन्याभरात दोघांचे पटेनासे होते.

---

मिनमिन_माईक

क्रियापद सक्तीचे केल्यावर संख्या तुटणे थांबले. अनोळखीची वाट आता लावतोय. एक नवीनच निघाले: 'दुसऱ्या खोलीतला दिवा लाव' यात 'दुसऱ्या' कोशात असूनही एफएसटीकंपाईल म्हणतो की हे चिन्ह सूचीत नाही. दोन्ही फाईलींत शब्द डोळ्यांना हुबेहूब सारखा.

---

शब्दसीमा

डोळ्यांना सारखा, बाइटना नाही. 'दुसऱ्या' मधला अर्धा र तीन प्रकारे टाइप होतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर (यू+०९३१) आणि हलन्त. दोन, साधा र आणि त्याखाली नुक्ता (यू+०९३० आणि यू+०९३सी) आणि हलन्त. तीन, र, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक (यू+२००डी). पडद्यावर तिन्ही एकच.

पहिले दोन एनएफसी (युनिकोडचे एकरूपीकरण) केल्यावर एक होतात. तिसरा होत नाही, युनिकोडच्या लेखी तो वेगळाच मजकूर आहे. म्हणून नुसते नॉर्मलायझेशन पुरत नाही. कोश, शब्दसूची आणि ग्रामर, तिन्हींवर एकच गाळणी चालवा: आधी 'र + हलन्त + जोडक' च्या जागी 'ऱ + हलन्त', मग उरलेले यू+२००सी (शून्य-रुंदीचा विभाजक) आणि यू+२००डी काढणे, मग एनएफसी. क्रम उलटा केलात आणि जोडक आधीच उडवला तर 'दुसऱ्या' चा 'दुसर्या' होईल, रफार वर चढेल आणि शब्द पुन्हा सापडणार नाही.

फाईलीच्या सुरुवातीचा बीओएमही (न दिसणारी खूण) बघा. तो असला तर सूचीतला नेमका पहिला शब्द हरवतो, बाकी सगळे नीट चालते.

तुमचा कंपाईलर ओरडला हे नशीब समजा. पॉकेटस्फिंक्सही कोशात नसलेल्या शब्दावर थांबतो. व्हॉस्क मात्र लॉगमध्ये एक इशारा लिहून तो शब्द गाळून पुढे जातो, आणि मग 'खोलीतला दिवा लाव' एवढेच ग्रामर शिल्लक राहते.